कप्तान भुईवरचं खात नाही

आमच्या घरात कोंबडी शिजत नाही. ख्रिस्तावांचं घर, तेही मालवणी मुलखातलं, आणि कोंबडी शिजत नाही असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. फॉस्टिनने अर्धं आयुष्य जहाजावर स्वयंपाकी म्हणून काढलं. आता तो घरी बसलाय, आणि ज्यांच्याकडे बघून त्याच्या डोळ्यांसमोर शाकुतीचा रस्सा उभा राहतो, त्या माझ्या कोंबड्या त्याच्या पायांवरून बिनधास्त चालत जातात. एकीची चोच अर्धी तुटलेली, एकीचा डोळा मुंगसाने नेलेला, एकीच्या पाठीवर पिसं नाहीत म्हणून तिला मी थंडीत जुन्या पायमोज्याचं झबलं घालते.

"घरात हॉस्पिटल आसा," फॉस्टिन म्हणतो, "पण कँटीन नाय."

मी हे कुठे शिकायला गेले नव्हते. मोडलेल्या पायाला आई बांबूची कामटी बांधायची, ते लहानपणी बघितलं होतं. थोडं मोबाइलवर बघितलं. बाकीचं कोंबड्यांनी शिकवलं, म्हणजे ज्या माझ्या हातात मेल्या त्यांनी. वालावलच्या अलीकडे खाडीला लागून आमची वाडी आहे. तिथे कुणाची कोंबडी कुत्र्याने धरली की माणसांना आधी वाटप, म्हणजे रश्श्यासाठी वाटलेला मसाला, आठवतं, आणि कोंबडी अंड्यावरची असली तरच मी आठवते. तरी येतात. दारात पिशवी ठेवतात आणि म्हणतात, "बघ गो इमेल्डा, जगली तर तुजी."

माझ्या आणि तुळसाच्या घरामध्ये चिऱ्यांचा एक गडगा आहे, कमरेएवढा. त्यावर कोपरं टेकून आम्ही दोघींनी जन्मातलं निम्मं बोलणं केलंय. मी मिसाला जाते, ती देवळात जाते, आणि गडग्यावर आम्ही दोघांच्याही देवांची उणीदुणी काढतो. तिचा नवरा परशुराम मे महिन्यात आंबे काढताना फांदीसकट खाली आला. कंबरेत मार लागला. त्याला गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे बाकड्यावर बसून तुळसाने आपल्या जागेच्या राखणदाराला सांगणं केलं, की माझा घरधनी जिवानिशी घरी येऊ दे, त्याच्या पायांवर उभा राहू दे, माझ्या परड्यातला तांबडा कोंबा तुझा.

राखणदार म्हणजे जागेचा खरा मालक. सातबाऱ्यावर कोणाचंही नाव असो. तुळसाच्या परड्याच्या, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेच्या, कोपऱ्यात किंदळीच्या झाडाखाली एक उभा दगड आहे, तो त्याचा. दरवर्षी भात घरात आलं की तिथे त्याला कोंबा, म्हणजे कोंबडा, कापून देतात, त्याला राखण देणं म्हणतात. आमच्या सासऱ्यांच्या वेळेपर्यंत आमच्या घरातूनही त्या दगडाला गुपचूप विडी आणि बाटली जायची. पाद्रीबाब विचारत नसत, आम्ही सांगत नसू.

परशुराम जिवंत घरी आला, पण आडवा. त्याला घेऊन आलेली गाडी अंगणात मागे वळताना चाक नेमकं त्या तांबड्या कोंब्याच्या पायावरून गेलं. माणसं परशुरामला उचलत होती, कोंबा ओरडत होता, आणि तुळसा कोणाकडे बघायचं ते न कळून पायरीवर बसली होती. वाडीच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालणारा दत्ताराम घाडी तिथेच होता. त्याने कोंबा उचलून बघितला आणि मान हलवली.

"खोडी इली. मोडको कोंबो राखणेक चलना नाय. दुसरो बघूया."

तुळसाने कोंबा गडग्यावरून माझ्या हातात दिला.

"घे गो. जगवशीत तर जगव. नायतर तुज्या घोवाक रांधूक दी, तो तरी खूश होयत."

तो पावसाळाभर माझ्या स्वयंपाकघरात राहिला. उजव्या पायाला आइस्क्रीमच्या दोन काड्या, वरून जुन्या परकराची चिंधी. चुलीजवळ टोपलीत बसवला तर तो भिंतीकडे तोंड करून बसे. पुढे ठेवलेलं खाईना. कोंबड्यांना दुखणं कळतं की नाही याबद्दल फॉस्टिनचं माझ्याशी भांडण आहे, पण अपमान कळतो याबद्दल मला शंका नाही. हा परड्याचा राजा होता, आता टोपलीत बसून वाडग्यातलं कसं खाणार. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी उकड्या तांदळाची घट्ट पेज तळहातावर घेतली आणि त्याच्या तोंडासमोर धरून नुसती बसून राहिले. खूप वेळाने त्याने एक चोच मारली. गुदगुल्या होतात म्हणतात ते खोटं आहे, दुखतं. मी हात हलवला नाही.

तिथून सवय लागली. मला आणि त्याला. पेज, मग खोबऱ्याचा कीस, मग तांदूळ. पाय जुळला, चिंधी सुटली, तो चालायला लागला. सुरुवातीला लाटांत डेकवर चालणाऱ्या माणसासारखा झोकांड्या देत चालायचा, म्हणून फॉस्टिनने त्याचं नाव कप्तान ठेवलं. पुढे झोकांड्या गेल्या, नाव राहिलं. पण खाणं मात्र हातावरच. भुईवर दाणे टाकले तर बाकीच्या कोंबड्या धावायच्या आणि हा उभा राहून आधी दाण्यांकडे बघायचा, मग माझ्या हाताकडे. मी बसले की यायचा, माझ्या मॅक्सीचं खालचं बटण एकदा ओढून बघायचा, ते निघत नाही याची खात्री करायचा, आणि मग खायचा.

"माका कधी असा भरवलंस?" फॉस्टिन विचारायचा.

"तुजो पाय मोडान घे."

पलीकडे परशुराम मात्र उठत नव्हता. कुडाळहून व्यायाम शिकवायला माणूस येऊन गेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पायांत ताकद आहे, रोज उभं राहायला हवं, धरून धरून चालायला हवं. लोखंडी वॉकर आणून ठेवला. तो पडवीच्या कोपऱ्यात उभा राहिला आणि पावसात तुळसा त्याच्यावर टॉवेल सुकत घालायला लागली. परशुरामला उठ म्हटलं की तो म्हणायचा, "राखण होवंदे."

चतुर्थी झाली, भात पिवळं होऊन कापून झालं. तुळसाने देवळात कौल घेतला. देवाने सांगितलं म्हणे, बोललेलं देणं राहिलंय. दुसरा कोंबा देऊ का, असं दत्तारामने विचारलं, तर कौल होईना. बोललेला तोच. तो तर मोडका, असं कोणीतरी म्हणालं, आणि देवळात बसलेली सगळी वाडी हसली. कारण आदल्याच आठवड्यात कप्तानाने पोस्टमनच्या मोटारसायकलमागे धावून त्याला पायरीपर्यंत पोचवलं होतं, ते सगळ्यांनी बघितलं होतं.

हे मला देवळातून परत येणाऱ्या बायकांकडून कळलं. आणि मी काय केलं ते सांगायला लाज वाटत नाही. तुळसा पायवाटेने येताना दिसली तशी मी कप्तानाला धरून त्याच्या पायाला चिंधी गुंडाळली, काड्या घालून, छान गाठ मारून, आणि त्याला मांडीवर घेऊन बसले.

"कसो आसा गो?" तुळसाने विचारलं.

"बरो नाय. पाय अजून दुखता."

ती कप्तानाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"इमेल्डा, गाडी उजव्या पायावरसून गेल्ली."

मी खाली बघितलं. चिंधी डाव्या पायाला होती.

"आता डावोय मोडलो?"

"दोन्ही," मी म्हटलं.

तेवढ्यात दोन पाय मोडलेला तो कोंबा माझ्या मांडीवरून उतरला, चिंधी फरफटत अंगणभर फिरला आणि उडून गडग्यावर जाऊन बसला. तुळसा हसायला लागली. मीही. आम्ही दोघी पोट धरून हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि मग हसणं थांबलं तरी पाणी थांबेना.

"मी तुका दिलेलंय," तुळसा म्हणाली. "दिलेला परत मागतंय. माका कळता ता."

"मग मागा नको."

"मी मागणंय नाय गो. बोललेला मागता."

मी दुसऱ्या दिवशी परशुरामशीच बोलायचं ठरवलं. पुरुषाला समजावणं बाईला समजावण्यापेक्षा सोपं असतं असा माझा समज होता. तो पडवीत खाटेवर होता. पाय चादरीबाहेर आलेले, एवढ्या महिन्यांत काठीसारखे झालेले. तो हाताने मांडी चोळत होता, दुसऱ्या कोणाचीतरी चोळावी तशी.

"परशुरामभाऊ, मी दुसरो कोंबो दितंय. ह्येच्यापेक्षा दांडगो. तुरो बघशात तर हातभर."

"बाय, चेडू बघलेला एक आणि मांडवात उभा केला दुसरा, तर चलात?"

"डॉक्टरान काय सांगल्यान? राखण झाली की उठ म्हणान सांगल्यान?"

त्याने चादर पायांवर ओढून घेतली. बाहेर तुळसा भात वारवत होती, सुपाचा आवाज येत होता. तो थांबला तेव्हा परशुरामने माझ्याकडे बघितलं.

"माका भिया वाटता," तो हळू म्हणाला. "हिका सांगा नको. उभो रवलंय आणि परत पडलंय तर? राती डोळे मिटले की फांदी मोडता. तो राखणदार मागे उभो आसा असा वाटला तर उठतंय मी. नायतर माज्यान होवचा नाय."

त्याच्याशी भांडायला मी बरंच काही ठरवून गेले होते. त्यातलं एकही वाक्य त्या खाटेशेजारी उभं राहून बोलता आलं नाही. मी गडग्यापाशी आले आणि तुळसाला म्हटलं, "घेवन जा तेका. कधी म्हणशीत तेवा."

राखणेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती न्यायला आली. तो कुठे झोपतो, त्याला पाठ कशी चोळलेली आवडते, हे सांगून काय उपयोग होता, पण मी सांगत बसले. शेवटी म्हटलं, "आणि भुयवरचा तो खाणा नाय. हातावरच लागता."

"एक रात भुकेलो रवलो की सगळा खायत," तुळसा म्हणाली. मग चाचरत म्हणाली, "उद्या एक दाणो तरी खावक होयो तेणी."

मला ते ठाऊक होतं. गाऱ्हाणं घालून झालं की केळीच्या पानावर तांदूळ ठेवतात आणि कोंबा सोडतात. त्याने आपणहून दाणा उचलला म्हणजे राखणदाराने मान्य केलं. नाही उचलला तर मान्य नाही, मग त्याला सोडून देतात, आणि पुन्हा कोणी त्याच्या अंगाला हात लावत नाही.

मी त्या रात्री कसलीही प्रार्थना केली नाही. काय मागायचं तेच कळत नव्हतं. परशुराम उठू दे म्हणायचं तर कप्तानाने दाणा उचलायला हवा. कप्तान परत येऊ दे म्हणायचं तर परशुराम खाटेवर. रोझरी हातात घेऊन बसले आणि मणी नुसते सरकवले.

सकाळी फॉस्टिन राखणेला गेला. शेजारधर्म म्हणून बाटली त्याच्याकडची होती. बायका त्या कोपऱ्याकडे जात नाहीत, म्हणून मी स्वयंपाकघरात सुका जवळा निवडत बसले. चार माणसांनी परशुरामला प्लास्टिकच्या खुर्चीतून किंदळीखाली नेल्याचा आवाज आला. मग दत्तारामचा खणखणीत आवाज, गडग्यावरून सगळं ऐकू येत होतं.

"बा जागेच्या राखणदारा, म्हाराजा. तुज्या जाग्यात पडलेलो तुजोच लेकरू आज तुज्यासमोर येवन बसलो आसा, म्हाराजा. तेच्या बायलेन जा काय बोलल्यान, ता आज ती तुका पोचवता, म्हाराजा. काय चुकला माकला आसात ता पदरात घे, आणि तेका तेच्या पायांवर उभो कर, म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. त्यात फॉस्टिनचाही आवाज होता.

मग शांत झालं. आता कोंबा सोडला असेल. आता पानाकडे बघत असेल. मी जवळा निवडायची थांबले. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग दत्तारामने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, पुन्हा "होय म्हाराजा" झालं, आणि पुन्हा तसंच शांत.  तो खात नाही. तो खाणारच नाही. मी उठून उभी राहिले आणि हसले सुद्धा, एकटीच.

तेव्हा तुळसा गडगा चढून आली. एरवी ती वळसा घालून पायवाटेने यायची. इतक्या वर्षांत मी तिला गडग्यावर चढताना बघितलं नव्हतं. लुगड्याला माती लागली होती. ती माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली.

"मी मागच्या दारातसून बघलंय. दाणो उचलणा नाय गो."

मी जवळ्याचं सूप बाजूला सरकवलं.

"पानाकडे बघता, आणि मगे माणसांच्या हातांकडे बघता. एकेकाच्या. दत्तारामान हात पुढे केल्यान, तर मागे सरलो."

"मग देवान नको म्हटल्यान," मी म्हटलं. "सोडा तेका."

"होय. तसाच करतले."

ती उठली नाही. पदराने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

"हे माका घरात न्हेवा म्हणतत. राखणदारान माका टाकल्यान म्हणतत. खुर्चीत बसान जमनीकडे बघतत नुसते. मी तुका ये म्हणान सांगणंय नाय, इमेल्डा."

"मग गडगो चढान कित्याक इलंस?"

"खंय जावचा ता कळला नाय," ती म्हणाली.

मी हात धुतले. जवळ्याचा वास जाईना म्हणून पुन्हा साबण लावून धुतले. कप्तानाला जवळ्याचा वास आवडायचा नाही. बाहेर पडताना छातीवर क्रूस काढला, कोणासाठी ते ठरवलं नाही.

किंदळीखाली मी पोचले तेव्हा पुरुष बाजूला झाले. मागून कोणीतरी पुटपुटलं, "ख्रिस्तावांच्या बायलेचो हात चलात?"

"ती ह्या जाग्यात रवता ना?" दत्ताराम मागे न बघता म्हणाला. "मग ती तेचीच. राखणदार काय पाद्रीचो दाखलो मागता?"

परशुराम खुर्चीत होता. त्याने वर बघितलं नाही. कप्तानाच्या तुऱ्याला कुंकू लावलं होतं, पाय धुतलेले होते. एका पायाला सुतळी होती, ती दत्तारामने मला बघून सोडली. मी पानावरचे तांदूळ तळहातावर घेतले. त्यांनाही कुंकू लागलेलं होतं. मी खाली बसले.

हाक मारावी लागली नाही. तो आला. घशातल्या घशात तो एक बारीक आवाज काढायचा, उशीर झाला की काढायचा तो, तसा काढला. आधी मॅक्सीचं बटण ओढलं. एकदा, दोनदा. एवढ्या वेळात मी मूठ मिटू शकले असते. परशुराम आता बघत होता. त्याच्या दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले होते.

मी हात पुढे केला आणि कप्तानाने दाणा उचलला.

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

एक पुरे होता. पण तो कालपासून उपाशी होता, तो खात राहिला. चोच नेहमीसारखीच लागत होती. दत्ताराम वाकून म्हणाला, "खावंदे, बाय. पोट भरान खावंदे." म्हणून मी बसून राहिले, आणि ती सगळी माणसंही उभी राहिली, कोणी खोकलं सुद्धा नाही. हातावरचं संपल्यावर मी पानावरचं उरलेलं घेतलं. तेही त्याने खाल्लं. मग त्याने चोच माझ्या मनगटाला पुसली, एका बाजूने आणि मग दुसऱ्या.

मी उठले आणि निघाले. चार पावलांवर मागे पाचोळा वाजला. तो माझ्यामागून येत होता. घरी चाललोय असं त्याला वाटलं होतं.

कोणीही त्याला धरायला पुढे झालं नाही. मला वाटतं, त्यांच्याने होईना. मी थांबले, त्याला उचललं, तो सवयीने काखेत शिरला, आणि मी त्याला परत नेऊन दत्तारामच्या हातात दिलं. दत्तारामने माझ्याकडे न बघता घेतलं. परशुराम काहीतरी म्हणाला, "बाय" एवढंच ऐकू आलं. मी घरी आले आणि दार लावून स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडला, म्हणजे गडग्यापलीकडचं काही ऐकू येऊ नये. टाकीतलं पाणी संपेपर्यंत तो तसाच सोडून ठेवला.

राखणेचं जेवण पुरुष तिथेच रांधून खातात. फॉस्टिन दुपारच्या आतच परत आला. तो जहाजावरचा स्वयंपाकी, वर्षानुवर्षं माझ्या घरात कोंबडीला मुकलेला, न जेवता आला.

"ताप आसा म्हणान सांगलंय," तो म्हणाला, आणि बाकीच्या कोंबड्यांना दाणे घालायला परड्यात गेला. हे काम त्याने आजवर कधी केलं नव्हतं.

संध्याकाळी गडग्यावर तुळसाने डबा ठेवलेला दिसला. वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. डबा ठेवताना तिने हाक मारली नव्हती, ती गडग्यापाशी थांबलीही नव्हती. सगळ्यांसाठी किंदळीखाली शिजलेलं असताना तिने माझ्यासाठी वेगळ्या टोपात हे केलं होतं. आम्ही दोघांनी समोरासमोर बसून ते खाल्लं. मीठ बरोबर होतं. फॉस्टिन तसं म्हणाला आणि मी हो म्हटलं.

त्याच आठवड्यात परशुराम उभा राहिला. तुळसाने मला हाका मारून बोलावलं. वॉकरवरचे टॉवेल काढलेले होते. तो दोन्ही हातांनी लोखंड धरून थरथरत होता, कपाळावर घाम, ओठ दाताखाली. एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मागे कोणीतरी उभं असल्यासारखा तो मधूनच मान किंचित वळवायचा, आणि पुन्हा पुढे बघायचा. भिंतीवरच्या खुंटीपर्यंत जाऊन आला.

"बघलंस, बाय?"

"बघलंय. बरा झाला."

मला आनंद झाला, हे खोटं नाही. मी त्याचं कोपर धरून त्याला खाटेपर्यंत आणलं. त्याचा हात गरम होता, जिवंत माणसाचा हात. तो माझ्या हाताकडे बघत होता. मला वाटलं आता काही बोलेल, आणि मी मनातल्या मनात विनवलं की बोलू नकोस. तो बोलला नाही. त्याचे मी आजही उपकार मानते.

नाताळाच्या वेळेला तो काठीवर आमच्या अंगणापर्यंत आला, नेवऱ्या खायला. व्यायाम शिकवणारा माणूस म्हणतो की हे व्यायामाने झालं. तुळसा म्हणते राखणेने झालं. दोघंही माझ्याकडे साक्ष मागतात. मी दोघांनाही हो म्हणते. फॉस्टिन काही म्हणत नाही, फक्त अजून कोणाच्या घरी कोंबडी वाढली तर पोट भरलंय म्हणतो.

परवा तुळसा गडग्यापाशी आली. हातात टोपली, टोपलीत एक तलंग, नुकती अंड्यावर येणारी कोंबडी. घारीने उचलता उचलता सोडली होती. पंख फाटलेला, पाठीत नख गेलेलं.

"बघशीत काय गो?" तिने विचारलं. माझ्याकडे बघायला तिला वेळ लागला. "नाय म्हटलंस तरी चलात. ही कोणाक बोललेली नाय. आयशप्पत."

"शपथ घालू नको," मी म्हटलं आणि टोपली घेतली.

पंख बांधला, हळद भरली. पेज केली. चुलीजवळ टोपलीत ठेवलं तर तिने भिंतीकडे तोंड केलं. मी पेज वाटीत वाढून तिच्यासमोर भुईवर ठेवली आणि लांब पाटावर बसले. तिने वाटीकडे बघितलं नाही. दुपार झाली. ती माझ्याकडे वळून बसली आणि तोंड उघडून धापा टाकत बघत राहिली. फॉस्टिन दारात येऊन उभा राहिला.

"हातावर दी गो थोडा," तो म्हणाला. "मरात ती."

"खायत. भूक लागली की खायत."

मी दोन्ही हात मॅक्सीच्या खिशांत घातले. ती बघतच होती. फॉस्टिन माझ्याशेजारी भुईवर येऊन बसला, आणि आम्ही दोघं वाट बघत राहिलो.